आधी तुझ्या रानात

औंधाच्या पूर्वेला, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो नि चहा न घेताच जातो, तिथल्या आमच्या गावात लालासाहेब आणि आकाराम या दोघांकडं एकेकच बैल होता. लालासाहेबाचा चिमण्या, आकारामाचा पवळ्या. एका बैलानं पेरणी होत नाही, म्हणून दोघांचा पैरा होता. पैरा म्हणजे आज माझा बैल अन् मी तुझ्या रानात, उद्या तुझा बैल अन् तू माझ्या रानात. कागद नाही, साक्षीदार नाही. आधी कुणाचं रान, ते सालागणिक आलटून पालटून. ज्याचं आधी होई, तो दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बैल घेऊन जोडीदाराच्या दारात उभा राही.

रानंही लागून होती. मधला बांध मूळचा चांगला हातभर रुंद होता म्हणे. पण लालासाहेब अलीकडून दर साली थोडा कोरायचा, आकाराम पलीकडून तेवढाच कोरायचा, आणि दोघंही त्याबद्दल कधी अवाक्षर काढायचे नाहीत. त्यातही पैराच होता म्हणा ना. आता बांध वीतभर उरला होता.

इतकं सुरळीत चाललेलं, ते लढाईच्या दिवसांत बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, बिनसलं. लालासाहेबाचा थोरला पलटणीत होता. रजेवर येताना त्यानं डबाभर हिरवा रंग आणला, लष्करी गाड्यांना लावतात तो. लालासाहेबानं बेंदराला चिमण्याची शिंगं त्या रंगानं रंगवली आणि पवळ्याची तशीच ठेवली. रंग संपला, असं तो म्हणतो. डबा हलवून बघितला असता तर कळलं असतं, असं आकाराम म्हणतो. मला विचाराल तर रंग संपला नव्हता. लालासाहेबाला लेकाचं कौतुक एकट्यानं मिरवायचं होतं, आणि बापाला तेवढी सूट द्यायला हरकत नव्हती. पण एकाच जोडीतला एक बैल पलटणीतला नि दुसरा गावातला, अशी मिरवणूक सगळ्या गावानं पाहिली, पोटभर हसून घेतलं, आणि आकारामानं लालासाहेबाशी बोलणं टाकलं.

पुढं हस्ताचा पाऊस पडून गेला. रानं वापशाला आली, म्हणजे माती ना चिकट ना कोरडी, शाळू पेरायला अगदी नेमकी. हा वापसा आमच्याकडं चार-दोन दिवस टिकतो. तेवढ्यात पेरलं तर वर्षाची भाकरी, नाहीतर माणसाला दाणा नाही नि बैलाला कडबा नाही.

पहिल्याच सकाळी आकाराम पवळ्याला घेऊन लालासाहेबाच्या दारात उभा राहिला. माणसाशी बोलायचं नव्हतं, म्हणून बैलाशी बोलला.

“पवळ्या, त्यास्नी म्हणावं, आदी त्येंच्या रानात चला. आमास्नी आदी कुणाचा उपकार घ्यायचा न्हाई.”

लालासाहेब ओट्यावर दात घासत होता. चूळ भरून तोही गोठ्याकडं वळला.

“चिमण्या, सांग त्यास्नी, गेल्या साली आदी आपलं झालतं. औंदा पाळी त्येंची हाय. आमी कुणाचं मिंधं न्हाई.”

एरवी आमच्याकडं विहिरीचं पाणी आधी कुणाला यावरून डोकी फुटतात. हे दोघं आधी तू, आधी तू म्हणून भांडत होते, आणि त्यात प्रेमाचा लवलेश नव्हता. आधी घेणाऱ्यानं एक रात्र दुसऱ्याच्या ओझ्याखाली काढायची असते. जोडीदाराच्या ओझ्याखाली झोप लागते, वैऱ्याच्या लागत नाही. तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशीही बैलांनी तेच निरोप ऐकले आणि शेपट्या हलवल्या.

बायकांचं बोलणं मात्र चालू होतं. आकारामाची भामाबाई आणि लालासाहेबाची बनुबाई विहिरीवर भेटल्या.

“बनाक्का, माती वाळाय लागली बगा,” भामाबाई म्हणाली. “अजून दोन दिस ग्येलं की दगड.”

“आमचं मालक बैलासंगं तासभर बोलत्यात,” बनुबाई म्हणाली. “माज्यासंगं कवा एवढं बोललं न्हाईत.”

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी गोठे उघडले, दोन्ही बैल आणि पाभर घेतली आणि थेट बांधावर गेल्या. दोन फणांची ती पेरायची पाभर त्यांनी बरोबर बांधावर आडवी ठेवली. एक फण लालासाहेबाच्या रानात, एक आकारामाच्या. दोन्ही घरचं बी एकाच सुपात ओतून कालवलं. नवरे धावत आले, तोवर चिमण्या आपल्या मालकाच्या रानात आणि पवळ्या आपल्या मालकाच्या रानात, मध्ये बांध, आणि दोघांच्या मानेवर एकच जू.

“आता सांगा, आदी कोन?” भामाबाई म्हणाली.

आकारामानं डोकं खाजवलं. “पवळ्या, इच्यार त्यास्नी, पर मदी बांध हाय न्हवं?”

“बांध कुटं हाय?” बनुबाई म्हणाली. “तुमी दोगांनी खाल्ला की त्यो.”

लालासाहेबानं कासरा हातात घेतला. पेरणीचं पहिलं तास, पहिली ओळ, दोन्ही रानांत एकाच वेळी पडलं. पुढं जाताना या रानात आणि येताना त्या रानात, असं करत दुसऱ्या दिवशी दुपार कलायच्या आत सगळं पेरून झालं. कुणी आधी नाही, कुणी मागून नाही.

जू सोडताना लालासाहेब म्हणाला, “चिमण्या, फिटलं बाबा. कुणाचं कुणाकडं काय ऱ्हायलं न्हाई.”

आकाराम घरी आला. खरं तर त्याला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटेना. इतकी वर्षं कायम काहीतरी उरलेलं असायचं. याचा दिवस त्याच्याकडं, नाहीतर त्याचा याच्याकडं, आणि त्या उरल्याच्या जोरावर सकाळी एकमेकांच्या दारात जाता यायचं. उद्या सकाळी लालासाहेबाच्या दारात जायला त्याच्यापाशी काही कारणच नव्हतं. हे त्याला फार लागलं, शिंगांच्या रंगापेक्षाही जास्त.

चुलीवर भामाबाईची भाकरी फुगत होती. आकाराम उठला, एक गोवरी उचलली आणि निघाला.

“आवं, कुटं?”

“विस्तू आणाय.”

भामाबाईनं पेटल्या चुलीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

लालासाहेब ओट्यावर नुसताच बसला होता. आकाराम समोर उभा राहिला. या वेळी बरोबर बैल नव्हता.

“लाला, जरा विस्तू दे.”

आकारामाच्या घरावरचा धूर त्या ओट्यावरून सरळ दिसत होता. लालासाहेबानं तो पाहिला. मग आत गेला, चांगला फुललेला निखारा आणून गोवरीवर ठेवला आणि फुंकर घातली.

“ह्यो घे. पर सकाळी परत आणून द्यायचा.”

“विस्तू परत कसा आणायचा रं?”

“न्हाई फिटला तर न्हाई फिटला,” लालासाहेब म्हणाला. “पर सकाळी ये.”