पाचवा खड्डा

बर्लिनबाहेरच्या त्या शेतात मल्हार लांब दांड्याचं गिरमिट जमिनीत फिरवत होता आणि निशिगंधा बांधावर बसून टॅबवर नकाशा बघत होती. ती जुन्या शेतजमिनींवर पीएचडी करणारी, तो दक्षिण जर्मनीतल्या बोब्लिंगेनमध्ये नोकरी करणारा इंजिनिअर. शनिवारी बायकोला भेटायला यायचा आणि आल्या आल्या घाण्याला जुंपला जायचा.

तिची चार वर्षं इंग्लंडच्या एका खेड्याची जमीन वाचण्यात गेली होती. कुठल्या शतकात कुठे नांगर फिरला, कुठली वाट मोडली, कुठला बांध नवा. तिथे शेतात गोल खड्डा दिसला की डोळे मिटून सांगावं, पिकाला घालायला चुन्याची माती इथून काढली. या शेताच्या नकाशावरही चार गोल खड्डे होते आणि बाईसाहेबांनी डोळे मिटूनच सांगितलं. पाचव्या जागी जमीन जेमतेम दबलेली. "हा बुजवलेला असणार," म्हणत तिने मल्हारला तिथे उभं केलं.

"निशी, लागलं गं काहीतरी!" तो ओरडला. "दगड नाही, लोखंड आहे. गेनाऊ, अगदी बरोब्बर, खणकन वाजलं!"

लोखंड? तिने पुन्हा नकाशा पाहिला. इंग्लंडात जो तो आपापल्या शेतात खणायचा. इथे चारही खड्डे बांध ओलांडून, सारख्या अंतराने, एका रेषेत रेल्वेपुलाकडे निघाले होते. खणणारा माणूस बांध बघतो. महायुद्धात विमानातून पडलेला बाँब बघत नाही. पाचव्या जागी खड्डा नव्हता, कारण पाचवा फुटलाच नव्हता.

तिने टॅब खाली ठेवला.

"मल्हार, राहू दे ते."

"अगं थांब, उपसून दाखवतो." तो दांड्यावर वाकला.

बाँब म्हणावं, तर दचकून हिसका देईल. धावत जावं, तर जमीन हादरेल.

"अहो," ती म्हणाली.

तो थांबला. लग्नाला सहा वर्षं झाली, पण अहो तिने सासूबाईंसमोरसुद्धा कधी म्हटलं नव्हतं.

"अहो, ऐका माझं. हात काढा. दांडा तसाच असू दे. गेलात त्याच पावलांवरून परत या."

मल्हारचं हसू मावळलं. त्याने एकेक बोट सोडवलं. दांडा कलला. निशिगंधाने डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा दांडा तिरका उभा होता आणि मल्हार चालत येत होता. एवढंसं शेत, पण ते संपता संपेना.

दूर रस्त्यावर पोचल्यावर तिने पोलिसांना फोन केला. ते ऐकूनच त्याला सगळं कळलं. तो रस्त्याच्या कडेला बसला.

"तू तर मातीचा खड्डा म्हणाली होतीस," तो हळूच म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"हो. मीच म्हणाले."

तिने त्याची बाही मुठीत धरली. पोलीस आले, आणखी मागे व्हा म्हणाले, तरी ती मूठ सुटली नाही.