भरमूनं गिळलेला ‘हू’

“…गेरू कित्तु हाकरी, म्हणाले साहेब. आता जोतिबाची सगळी…”

पुढचं बोलणं मोटारसायकलच्या आवाजात गेलं.

मी जोतिबाच्या बांधाकडेचं काजूचं कलम बोलतोय. आणि रस्त्यावर बोलत होता शेजारच्या शेताचा भरमू. मराठीत गेरू म्हणजे भिंतीला लावायची लाल माती, पण कानडीत गेरू म्हणजे मी! ‘कित्तु हाकरी’ म्हणजे उपटून टाका. जोतिबा गावाला गेला असताना बागायत खात्याचे साहेब सकाळीच शेत बघून गेले होते, पण त्यांचं बोलणं लांब घराकडं झालं, मला ऐकू आलं नव्हतं. आमच्या कणकुंबीच्या रानात झाडालाही दोन्ही भाषा कळतात, फक्त चोरून ऐकायची खोड पाहिजे. ती मला जन्मापासून.

मी भडकलो. उपटायचंच होतं तर जपलं कशाला? पावसाळ्यात जोतिबाच्या बायकोनं, नागुबाईनं, माझ्याभोवतीचं गवत भांगलून काढलं. वाऱ्यानं मोडू नये म्हणून काठीला बांधताना जोतिबाला म्हणाली, “सुतळी आवळू नगासा, त्याला बी गळा हाय.” पाऊस सरल्यावर बुंध्याशी पाचोळ्याचं पांघरूण घातलं. उन्हाळ्यात कळशीनं पाणी. कलमाच्या जोडाखाली रानटी फुटवा आला की जोतिबा नखानं खुडायचा. “खालचं माजलं की वरचं मरतंय,” म्हणायचा.

आणि भरमू? गेल्या शिमग्याच्या आधी त्यानं बांधावरचं गवत पेटवलं. माझी एक बाजू होरपळली. नागुबाई भांडायला गेली तर म्हणतो कसा, “वारं फिरलं, मी काय करू?” त्या दिवशीच मी डूख धरला.

दुसऱ्या दिवशी गावाहून परतलेला जोतिबा भरमूचं ऐकून खरोखरच कुदळ घेऊन आला. त्याला कानडी जेमतेम येते. मागं भरमू, तोंडावर दुःख आणि डोळ्यांत दिवाळी.

“साहेबांचाच हुकूम हाय म्हटल्यावर काय करायचं रं, जोतिबा?”

जोतिबानं कुदळ उचलली. तेवढ्यात नागुबाई धावत आली. तिचं माहेर कित्तूरकडचं, कानडी तिला घरचीच.

“अवो, थांबा! साहेब ‘गेरू हू कित्तु हाकरी’ म्हणालेत. मी तिथंच ऐकलं. हू म्हंजे फूल! झाड ल्हान हाय, दोन-तीन वर्सं मोहोर काढून टाका, अंगात ताकद राहू दे, म्हणालेत.” मग वळून म्हणाली, “काय वो भरमूभावजी, मधला हू कुठं गिळलासा?”

“ऐकण्यात चूक झाली वो वैनी.”

“व्हय तर! सावली भातावर पडंल म्हणून रोज कुरकुरतासा, ते बी ऐकण्यातच व्हय?”

जोतिबानं कुदळ खाली टाकली. “मग आता तूच काढ मोहोर. तेवढंच पाप फिटंल.”

भरमूनं माझा पहिला मोहोर ओरबाडला. दुखलं मला, खोटं कशाला बोलू? पण मोहोरात चार-पाच हिरव्या बिया धरल्या होत्या. ओले काजूगर दिसल्यावर भरमूची जीभ चाळवली. कोवळ्या बीला कसला आलाय भाजणारा चीक, असं त्याला वाटलं असणार. इकडंतिकडं बघून त्यानं एक बी दाताखाली फोडली.

वर्षभर साठवलेला सगळा राग मी त्या टरफलात ठेवला होता.

त्याचे ओठ भाजले, घटकाभरात वांग्यासारखे सुजले. नागुबाई हसत हसतच खोबरेल घेऊन आली. “आता बोला भावजी, काय झालं?”

भरमूच्या तोंडून एकच शब्द निघाला. “हू… हू… हू…”

“घावला गं बाई!” नागुबाई म्हणाली. “गिळलेला हू घावला!”

तर ती आवई अर्धीच खरी निघाली. मोहोर गेला, मी राहिलो. होरपळलेल्या बाजूलाही आता तांबूस पालवी फुटलीय. बांध पेटवणाऱ्यांनो, काडी ओढायच्या आधी वारं बघत जा. मोठा झालो की माझ्याकडं बिया लई असतील.