मैदा त्याचा, दमा माझा

मी श्वासनलिका बोलतेय, एका बेकरी कारागिराच्या छातीतली. घाबरू नका, फुकटचे सल्ले देणार नाही. त्यासाठी याचे नातेवाईक समर्थ आहेत.

लाड सगळे नाकाचे. अत्तर त्याला, रुमाल त्याला. मी आपली आत अंधारात, उलट्या झाडासारखी फांद्या पसरून फुफ्फुसांना हवा पोचवत बसलेय. "बाई, दमलीस का?" असं कुणी विचारलं तर शपथ!

हा रोज मैदा चाळायचा, पोती झटकायचा. मैदा आत आला की माझ्या भिंती सुजायच्या, स्नायू आवळायचे, वर चिकट कफ. वाट उरायची सुईच्या नेढ्याएवढी. मग मी शिट्टी वाजवायचे आणि घरात पंचायत बसायची.

"केळं खाल्लंस ना?" आई.

"रात्रभर पंखा हवा यांना!" बायको.

"सगळं मनात असतं हो," मेहुणा. वा रे शहाणा! सूज माझी आणि दोष मनाला!

डॉक्टरीणबाईंनी मात्र वेगळंच विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं?"

"ठणठणीत."

"मग तुमचा दमा कामातला आहे. कुणाला धुराने होतो, कुणाला परागकणांनी, कुणाला थंडीत धावल्याने. तुम्हाला मैद्याने. हा औषधाचा पंप रोज ओढा, चुकवू नका, मास्क लावा आणि मालकांना सांगा."

याने भक्तिभावाने मान डोलावली आणि यातलं काहीही केलं नाही. पंपाची म्हणे सवय लागते! हवेची लागलीय, ती चालते. पंप गेला कपाटात, चादरींखाली. मालकाला कळलं तर कामावरून काढेल, ही खरी धास्ती.

एका सकाळी पोतं फाटलं. मैद्याचा लोट उठला आणि मी जी आवळले, ती सुटेचना. याचे ओठ निळे पडले. खरं सांगते, तेव्हा मला एकही टोमणा सुचला नाही. मी भयंकर घाबरले.

मालक धावत आला. याला बाहेर मोकळ्या हवेत नेऊन बसवलं, इकडेतिकडे चोरून पाहिलं आणि स्वतःच्या आतल्या खिशातून पंप काढला.

"ओढ! आत ओढ रे!"

हळूहळू माझी वाट मोकळी झाली. दवाखान्यात जाताना हा पुटपुटला, "मालक, तुम्हालाही?"

"कितीतरी वर्षं. म्हटलं, तुम्हा कारागिरांना कळलं तर घाबरून काम सोडाल."

"आणि मी म्हटलं, तुम्ही मला काढाल."

आता दोघं मास्क लावतात, पंप उघडपणे घेतात. आनंद आहे! इतकी वर्षं दोघांचीही अब्रू अगदी शाबूत होती. गुदमरत होतो त्या फक्त आम्ही दोघी.