आप्पांच्या जागी माड

नरहरीने केळीचं पान चार बोटं बाजूला सारून पाहिलं, तर त्याची मुलगी माडाला आप्पा म्हणत होती.

"आप्पा, मला तुमच्याशी बोलायचं आहे," मालन म्हणाली. फावडं बाजूला टाकून, दोन्ही हात सरळ ठेवून ती उभी होती. "तुम्ही आधी पूर्ण ऐका. मग काय ते बोला."

माड गप्प राहिला. नरहरी केळीआडच थांबला. खरं तर तो काठी घेऊनच आला होता. वाडीच्या टोकाकडून मालनचा आवाज येतोय, म्हणजे समोर कुणीतरी ऐकणारा असणार, असं त्याने धरलं होतं. ऐकणारा माड निघाला, आणि आता काठीचं काय करावं ते त्याला कळेना.

घरात ही मुलगी 'हो' आणि 'नाही' यांच्या पुढे जात नसे, त्यातही 'नाही' क्वचितच. नरहरीला त्याचा अभिमान होता आणि भुईगावात चारचौघांत तो त्याने मिरवलाही होता. इथे मात्र ती न अडखळता सांगत होती की तिला मुंबईला नर्सिंग शिकायला जायचंय, राहायला इस्पितळाचंच वसतिगृह आहे, त्याच्या दारावर एक जाडजूड बाई बसते आणि ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. फॉर्मवर आप्पांची सही तेवढी हवी, महिनाअखेरीच्या आत.

हा सगळा थेरेसा बाईंचा उद्योग. दहावी होऊन घरी बसलेल्या मुलींना त्या दर रविवारी शाळेच्या व्हरांड्यात जमवत आणि बोलायला शिकवत. "बाहेरची मुलाखत सोपी असते," त्या म्हणत. "घरची अवघड. ज्याची भीती वाटते त्याच्या जागी काहीतरी उभं करा आणि रोज त्याच्याशी बोला." द्वारकाने आजीच्या जागी जातं घेतलं होतं. हंसाने काकांच्या जागी म्हैस घेतली, आणि म्हशीने पहिल्याच दिवशी मान डोलावल्यामुळे तिचा सराव तिथेच आटोपला. नरहरीला हे सगळं कळलं, कारण माडापासून मालन काहीच लपवत नसे.

दुसऱ्या दिवशी पाणी लावायच्या वेळेला नरहरी पुन्हा केळीआड जाऊन उभा राहिला. काठी घरीच ठेवली होती. आज त्याचं लक्ष माडाकडे गेलं आणि त्याचं डोकं फिरलं. वाडीत चाळीस माड. सरळसोट, नारळांनी लगडलेले. पोरीने बापाच्या जागी निवडला तो नेमका वाकडा, वर्षाला चार नारळ देणारा! पुढच्या महिन्यात तो तोडायचं चाललं होतं.

मालन आप्पांचंही बोलणं स्वतःच बोले, आवाज घोगरा करून. "मुलीच्या जातीने रात्रपाळी करायची? लोक काय म्हणतील?" मग स्वतःच्या आवाजात उत्तर देई. नरहरी मनातल्या मनात नवी हरकत शोधून ठेवी, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडे त्या हरकतीचंही उत्तर तयार असे. बोलण्याच्या भरात तिचं आळ्याकडे लक्ष नसे. ते काठोकाठ भरे. पाणी वाया चाललेलं नरहरीला बघवत नसे. तो केळीआडूनच ओणवा होऊन हातानेच चिखलाचा बांध फोडी आणि पाणी पुढच्या आळ्यात सोडी.

एका प्रश्नाशी मात्र ती रोज अडे.

"मग वाडीला पाणी कोण लावणार?" घोगरा आवाज विचारी. आईची कंबर धरलेली, बाकी घरात कुणी नाही.

"माहीत नाही, आप्पा," म्हणून ती फावडं उचली.

ते ऐकून नरहरीला वाईट वाटे. पोरीला आपल्यापेक्षा झाडाशी बोलणं सोपं जातं, हे त्याला खुपत राही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी तो ओट्यावर पानांच्या जुड्या बांधत होता. मालन फॉर्म घेऊन समोर आली.

"आप्पा, मला तुमच्याशी बोलायचं आहे."

"बोल."

तिथेच घोटाळा झाला. माड कधी 'बोल' म्हणाला नव्हता. मालनचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. नरहरीने एक जुडी बांधली, सोडली, परत बांधली.

"तुम्ही आधी पूर्ण ऐका," तो मान खाली घालून म्हणाला.

"अं?"

"'मग काय ते बोला.' त्याच्यापुढे वसतिगृह. मग दारावरची बाई."

स्वयंपाकघरातून चंद्रकांता बाहेर येऊन नवऱ्याकडे बघत राहिली. मालन कानापर्यंत लाल झाली, पण बोलली. अडली तिथे नरहरीने शब्द पुरवला. हरकतीही त्याने एकूण एक घेतल्या, तिने ठरवून दिलेल्या घोगऱ्या आवाजात. आणि शेवटी विचारलं,

"मग वाडीला पाणी कोण लावणार?"

तिने मान खाली घातली. "माहीत नाही, आप्पा."

"इतके दिवस त्या माडापुढे उभी होतीस. एकदा तरी आळं फुटलं?"

ती आठवत राहिली. "नाही."

"का नाही फुटलं?"

मालनने त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांत चिखल होता. सकाळचाच, अजून न निघालेला.

"पेन आण," नरहरी म्हणाला.

त्याने सावकाश, पूर्ण नावाची सही केली. फॉर्म मात्र लगेच सोडला नाही.

"एक विचारतो. एवढे चाळीस माड. माझ्या जागी तो वाकडाच का घेतलास?"

चंद्रकांताने तोंडाला पदर लावला.

"बाकीचे सगळे वर बघतात, आप्पा," मालन म्हणाली. "तोच एक खाली वाकलाय."

"हं," नरहरी म्हणाला आणि त्याने फॉर्म सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने त्या माडाच्या बुंध्याशी दोन पाट्या शेणखत घातलं.