खाऊबाबा

कवळ्या बनवणाऱ्या माणसाने आपल्या लेकीला साखर चारावी, हे काही बरं दिसत नाही. पण तो चारायचा. एका इमारतीच्या तळघरात त्याची कार्यशाळा होती. दातांचे सात-आठ डॉक्टर आपल्या रुग्णांच्या जबड्यांचे ठसे त्याच्याकडे पाठवायचे. ठशात प्लास्टर ओतून तो साचा काढायचा, साच्यावर मेणाची हिरडी घडवायचा, तीत एकेक दात बसवायचा आणि शेवटी फिरत्या ब्रशवर घासून सगळी बत्तिशी अशी चमकवायचा, की मूळ मालकाचे दात ऐन तारुण्यातही तसे नसतील. भिंतीवरच्या फळ्यांवर दीडेकशे जबडे ओळीने मांडलेले होते. दिवसभर एवढ्या तोंडांच्या संगतीत बसायचं आणि बोलणारं एकही नाही. संध्याकाळी दिवा बंद करताना तो त्यांना “येतो रे” म्हणायचा आणि लगेच, कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून जिन्याकडे बघायचा.

त्याचा आठवडा रविवारी पाचला सुरू व्हायचा आणि सातला संपायचा. ते दोन तास लेकीचे. ती दीड वर्षाची असताना नवरा-बायको वेगळे झाले. धड भांडणही झालं नव्हतं. दोघांनाही एका घरात राहून एकटं वाटायचं, तर मग वेगळं राहूनच वाटू दे, असं काहीतरी ठरलं. पुढे बायकोने दुसरं लग्न केलं. नवा नवरा तलावावर पोरांना पोहायला शिकवायचा. माणूस चांगला, इतका की त्याला नावं ठेवायलाही जागा नाही. मुलगी त्याला बाबा म्हणायला लागली. मग खऱ्या बाबाला काय म्हणायचं? तीन वर्षांच्या पोरीने तो प्रश्न आपला आपणच सोडवला. ती त्याला ‘खाऊबाबा’ म्हणू लागली.

त्याला ते नाव भारी आवडलं. ठसे घेऊन येणाऱ्या कुरिअरवाल्याला त्याने ते दोनदा सांगितलं. कुरिअरवाल्याने विचारलं, “आठवड्यात दोनच तास भेटता?” तर म्हणाला, “काय करणार, तेवढेच मिळतात.” असं म्हणताना त्याचा चेहरा बिचारा व्हायचा. त्याला ते बरं वाटायचं.

रविवारचा कार्यक्रम ठरलेला होता. पाचला ती आपल्या घराच्या फाटकाशी उभी असायची. दोघं चालत कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमच्या दुकानात जायची. ती न चुकता सगळ्यात मोठा कप मागायची, तीन गोळे आणि वर चॉकलेटचा रस. तो समोर बसून विचारायचा, “शाळा काय म्हणते?” ती म्हणायची, “बरी आहे.” मग ती खात राहायची आणि तो बघत राहायचा. खायची इतकं सावकाश, की शेवटी कपात नुसतं तपकिरी पाणी उरायचं. ते पाणीही ती चमच्या-चमच्याने प्यायची. चमचा तळाला खरवडला की तो म्हणायचा, “संपलं? चला, आई वाट बघत असेल.” फाटकाशी पोचलं की खिशातून पुडी काढायची. तीत सात टॉफ्या, रोजची एक. आठवडाभर आपली आठवण राहावी, एवढाच त्याचा हेतू.

साखर काय करते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. फळीवरचा प्रत्येक जबडा त्याला ते रोज सांगत होता. पण ती दुसऱ्यांची तोंडं. आपल्या पोरीच्या तोंडाकडे त्या नजरेने बघायला त्याचं मन धजत नव्हतं, आणि कप हातात आला की ती हसते, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

गुरुवारी दुपारी तिच्या आईचा फोन आला.

“तिचे चार दात किडलेत,” ती म्हणाली.

“दुधाचेच ना? पडतीलच की,” तो बोलून गेला आणि हातातली मेणाची हिरडी बघून त्याची त्यालाच लाज वाटली.

“एक मुळापर्यंत गेलाय. काल रात्रभर रडली. उशीच्या खोळीत टॉफ्यांचे कागद सापडले. दात घासून झाल्यावर गादीत एक चघळायची म्हणे, रोज. डॉक्टर म्हणाले, गोड पूर्ण बंद.”

“मग आधी का नाही बोललीस? तुला माहीत होतं ना मी देतो ते.”

ती म्हणाली, “माहीत होतं. पण मला वाटलं, तुमच्या दोघांत तेवढंच आहे. ते तरी कुठे काढून घेऊ.”

फोन ठेवल्यावर त्याच्या हातून काही काम होईना. एक दात दोनदा उलटा बसवला. बायको रागावली असती तर त्याला सोसलं असतं. तिने कीव केली, ती जिव्हारी लागली. खाऊबाबातला खाऊ काढला की मागे उरतो बाबा, आणि त्या जागेवर तर दुसरा माणूस होता. आता पोरीने आपल्याबरोबर यावं तरी कशाला, याचं एकही कारण त्याला सुचेना. रविवारपर्यंत तो तेच शोधत होता.

रविवारी ती सवयीने दुकानाच्या दिशेने चालू लागली. त्याने तिचा हात धरला. “आज ते नाही. डॉक्टरांनी सांगितलंय ना?”

“माहितीये,” ती म्हणाली. हट्ट नाही, रडणं नाही. तिने आदळआपट केली असती तर समजूत घालण्यात अर्धा तास तरी गेला असता. दोघं बागेत जाऊन एका बाकावर बसली. त्याने शाळेचं विचारलं. शाळा बरी होती. त्याने एक विनोद सांगितला, तो तिला कळला नाही, मग त्याने तो समजावून सांगितला, तेव्हा तर तो त्यालाही कळेना. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. ती बाकावरून पाय हलवत होती आणि तिचं अंग हळूहळू घराच्या दिशेला वळतंय, असं त्याला वाटलं.

“माझं काम बघायचंय?” काहीच सुचेना म्हणून त्याने विचारलं.

तळघरात दिवा लावल्याबरोबर ती दारातच थांबली. “अगंबाई! एवढे दात!”

“घाबरू नकोस, चावत नाहीत.”

ती फळीशी गेली. एकेका जबड्यावर बोट ठेवून “हे कुणाचे?” विचारू लागली आणि तो सांगू लागला. त्याला नावं माहीत नव्हती, पण तोंडं पाठ होती. हा झोपेत दात खातो, बघ कसे झिजलेत. ही बाई एकाच बाजूने चावते. या आजोबांना कवळी दिली तर म्हणाले, आता कशाला, आता भांडायला घरात कुणी नाही. त्यावर ती सगळे दात काढून हसली, आणि ते चारही काळे डाग त्याला दिसले. त्याने मेण गरम करून तिच्या हातात दिलं, उंच स्टुलावर बसवलं आणि दाढ कशी करायची ते दाखवलं. आपण एवढा वेळ, एका दमात, कुणाशी तरी बोलतोय, हे त्याच्या बऱ्याच उशिरा ध्यानात आलं.

“या सगळ्यांचे दात खाऊ खाऊन गेले?” तिने विचारलं.

“काहींचे.”

“त्यांना पण खाऊबाबा होते?”

त्याने उगाच ब्रश उचलला, पुसला आणि परत ठेवला. ती उत्तरासाठी थांबली नव्हती, दाढेला खड्डे पाडण्यात गुंग होती.

पावणेसात झाले. “चला,” तो म्हणाला, “निघायला हवं.”

तिने मान वर केली. “पण आज तर काहीच संपलं नाही!”

“म्हणजे?”

“संपलं की जायचं असतं ना? तू म्हणतोस, संपलं, चला.” हे त्याला माहीत नसावं याचंच तिला नवल वाटलं. “म्हणून तर मी मोठा कप घेते. छोटा पटकन संपतो. मी एकदा घेतला होता, तर तू मला लगेच घरी सोडलंस.”

“आणि मोठा तुला आवडतो ना?”

“दोन गोळ्यांपर्यंत आवडतो. मग पोटात गार दुखतं. ते पाणी तर मला मुळीच आवडत नाही.” एवढं सांगून ती पुन्हा दाढेकडे वळली.

तो खाली, प्लास्टरच्या गोणीवर बसला. तीन वर्षं ती पोरगी समोर बसून, पोट दुखत असताना, चमच्या-चमच्याने वेळ ओढत होती, आणि तिच्यासमोर बसलेल्या या माणसाला वाटत होतं की तिला चॉकलेट आवडतं. तिला तो हवा होता, यावर आनंदाने उडी मारावी की तिच्या चार दातांसाठी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी, हे त्याला ठरवता येईना. डोळे भरून आले. ते तिला दिसू नयेत म्हणून त्याने तिच्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

घरी पोचायला सात वाजून दहा मिनिटं झाली. पोरगी मेणाची दाढ मुठीत धरून आत पळाली. बाबा, बघ मी काय केलं, असा तिचा आवाज आतून आला आणि एका पुरुषाचं कौतुकाचं हसणंही आलं. तिची आई दारात उभी होती.

“मला आणखी वेळ हवा,” तो एका श्वासात म्हणाला. “दोन तास पुरत नाहीत. तू दोनच तास देतेस, ते...”

“मी देते?” ती मध्येच म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “मी अख्खा रविवार म्हणाले होते. सकाळी ने, रात्री आण. तू म्हणालास, एवढा वेळ काय करू मी हिच्याशी? दोन तास पुरेत.”

त्याला आठवलं. स्वयंपाकघर आठवलं, ओट्याशी उभी असलेली ती आठवली, आणि “पुरेत” म्हटल्यावर आपल्याला किती हायसं वाटलं होतं, तेही आठवलं. इतकी वर्षं लोकांना तो दुसरंच सांगत आला होता. सांगता सांगता स्वतःलाही ते पटलं होतं.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “आता दे ना अख्खा दिवस. मी खरंच नेईन.”

“आता कुठून देऊ?” तिलाही वाईट वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. “सकाळी तिचं पोहणं असतं, ह्यांच्याबरोबर. मग चित्रकला. दुपारी तिची मैत्रीण येते, त्या दोघी आठवडाभर त्याची वाट बघत असतात. तू नको म्हणालास, म्हणून रविवार रिकामा थोडाच राहतो? भरत गेला तो. पाच ते सात तेवढे तुझे म्हणून ठेवले.”

आत पोरगी बाबाला सांगत होती की काही माणसं एकाच बाजूने चावतात.

तिच्या आईने वळून घड्याळाकडे बघितलं. “साडेसात कर,” ती म्हणाली. “त्याच्या पुढे जेवायला उशीर होतो.”

“चालेल,” तो म्हणाला. “साडेसात. चालेल की.”

अख्खा रविवार नको म्हणणाऱ्या माणसाने तो अर्धा तास घेतला, दोनदा आभार मानले आणि जिना उतरताना हातातलं घड्याळ पुन्हा पुन्हा बघत राहिला.