मनवाच्या बोटांमधला धागा

मित्रांनो, मी एक जुना धागा आहे. सुताचा नव्हे, रेशमाचाही नव्हे. तुम्ही ज्याला डीएनए म्हणता, तो. सरळ ताणलं तर मी जेमतेम चार बोटं भरेन. राहतो मात्र डोळ्यांना दिसणारही नाही अशा एका खोलीत. पेशीच्या त्या खोलीला केंद्रक म्हणतात. तिथं आम्ही शेहेचाळीस धागे दाटीवाटीनं नांदतो आणि तरी आमचा गुंता होत नाही, याचा मला फार अभिमान होता.

सगळं कसब घडी घालण्यात आहे. माझ्या अंगावर जनुकं आहेत. बोट कसं घडवायचं ते त्यांना ठाऊक. पण जनुकानं केव्हा जागं व्हायचं, हे ठरवणारी कळ कधी कधी फार लांब असते. मी दुमडलो, की ती बरोबर त्याच्याजवळ येते. दोन घड्यांच्या मध्ये सीमा असते, म्हणून एकाची कळ शेजाऱ्याची झोपमोड करत नाही.

असा मी पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलो. अकोले तालुक्यात, डोंगराच्या उतारावर राहीबाई भातशेती करतात. त्यांच्या पोटी गोरक्षचं बीज घडत असताना मी दोन ठिकाणी तुटलो. पेशीतल्या कारागिरांनी मला लगेच सांधलं, पण मधला तुकडा उलटा बसला. माझ्यावर लिहिलेलं एक अक्षरही हरवलं नाही, फक्त सीमेची जागा बदलली आणि एकाची कळ भलत्याच जनुकाला जागं करू लागली. यात राहीबाईंचा काहीच दोष नव्हता. गोरक्ष जन्मला तो उजव्या पायाची दोन बोटं जुळलेलीच घेऊन. पोरगं नशीब घेऊन आलंय, असं राहीबाईंनी गावभर सांगितलं. तेवढं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही.

गोरक्षचं निकिताशी लग्न झालं आणि त्याच्याकडून मी त्यांच्या लेकीत, मनवात आलो. या खेपेला माझी चूक हातावर उमटली. तिचा अंगठा आणि शेजारचं बोट चिकटलेलं होतं.

निकिताला सातवा महिना असताना ग्रहण लागलं होतं. गरोदर बाईनं ग्रहणात चिरू नये, शिवू नये, म्हणून तिला आत बसवून ठेवलं होतं. बसून बसून ती कंटाळली आणि बाळाच्या दुपट्याला तिनं चार टाके घातले. बाळंतपणानंतर भोळेपणानं स्वतःच ते बोलून गेली. झालं! आईनंच लेकीची बोटं शिवली, असा घरादारानं निवाडा केला. पुढं कुणाच्या डोहाळजेवणात तिला ओटी भरू दिली नाही. वाईट याचं वाटतं, की तिलाही ते पटलं. तिनं पुन्हा सुई हातात घेतली नाही. अगं, तिसरा महिना सरायच्या आतच ती बोटं घडून झाली होती, हे मला ओरडून सांगावंसं वाटे. पण धाग्याला कुठलं तोंड?

मनवा तीन वर्षांची झाली तेव्हा बोटं सोडवून घ्यायला सगळे नगरच्या दवाखान्यात आले. डॉक्टर भार्गवींनी तिचा हात पाहिला आणि गोरक्षला बूट काढायला सांगितलं. मग मनवाचं आणि तिच्या आईबापांचं रक्त तपासायला गेलं. काही आठवड्यांनी त्यांनी सगळ्यांना समोर बसवून माझी कहाणी सांगितली.

राहीबाईंना पटेना. "काय हरवलंच न्हाई, तर बिघडलं कसं?" असं त्यांनी दोनदा विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. 

"म्हंजी बांध सरकला म्हना," राहीबाई म्हणाल्या. "पानी तेवढंच, खाचरं बी तीच, पर पानी भलत्याच खाचरात गेलं."

अगदी तसंच, डॉक्टर म्हणाल्या. आणि तो बांध गोरक्षच्या जन्माआधीच सरकलेला होता. निकिताच्या टाक्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

राहीबाईंनी लेकाच्या पायाकडं पाहिलं, मग नातीच्या हाताकडं. "त्याला मी नशीब म्हनले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अन् हिच्या पायी तुला लई बोलले. पोरी, तुझं काय बी चुकलं न्हवतं."

निकितानं मनवाची मूठ आपल्या हातात धरली होती. तिनं मान वर करून सासूकडं पाहिलं.

"मंग आत्या, ही तीन वर्सं?"



पुढं मनवाची बोटं सुटी झाली. मी मात्र तिच्या पेशीपेशीत अजून तसाच उलटा आहे, आणि उद्या तिच्या लेकरांतही कदाचित उतरेन. घडी माझी चुकली, हे मी कबूल करतो. मित्रांनो, तुमच्याकडं एकच मागणं आहे. एखादं लेकरू वेगळं जन्मलं, तर त्याच्या आईला जाब विचारण्याआधी माझी चौकशी करा. मी उशिरा का होईना, खरं सांगतो. पण निकिताची तीन वर्षं मला परत देता आली नाहीत.