भैरू मेला, शिट्टी, आपण जिंकलो

आमच्या कॉलेजनं कबड्डीत जे काही जिंकलं, ते आम्ही जिंकलं. आम्ही म्हणजे शेखर, बंडोपंत आणि मी, हैबत. आमच्यातल्या एकानंही कधी अंगाला माती लावून घेतली नाही हे खरं. पण ओरडून घसे कुणी फोडले? खेळणारे तीन वर्षांत निघून जातात, ओरडणारे जन्मभर पुरतात.

यंदा कॉलेजला चाळीस वर्षं झाली. बावधनहून येणाऱ्या नव्या मेधा मॅडम स्मरणिका काढणार होत्या. त्यांनी आम्हाला सांगितलं, सगळ्यात मोठे पाच विजय निवडून द्या. मग काय, आंधळा मागतो एक डोळा. ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या ढाब्यावर तीन रविवार आमची बैठक बसली. चार विजयांवर भांडणं झाली, पहिल्यावर एक शब्द नाही. बावीस वर्षांपूर्वीची फायनल, पुण्याच्या संघाविरुद्ध. शेवटची चढाई भैरूची. शेखर सांगायला लागला की ऐकत राहावं. भैरू आत गेला, तिघांना मारलं, चौथ्याला फरफटत मधल्या रेषेवर आणलं आणि शिट्टी!

"तसं न्हवतं झालं," भैरू म्हणाला.

तो होताच तिथं. शेखरचा पाण्याचा टँकर तोच चालवतो. बावधनच्या सोसायट्यांत पाणी टाकून येता येता आमच्या टेबलाशी टेकला होता. दर वेळी हेच. आपण रंगात यावं आणि ह्यानं खडा टाकावा.

"आपुन दोन गुणांनी म्होरं व्हतो," भैरू म्हणाला. "मला फकस्त येळ काढायचा व्हता. त्यांच्या कोपऱ्यावाल्यानं मला धरला, खांदा निखळला. मी मेलो. त्यांना एक गुण ग्येला, तरी एका गुणानं जिकलो. तिघंबिघं कुणी न्हाई मारलं."

"तू गप रे," शेखर म्हणाला. "तुला काय कळतंय? तू आत व्हतास, आमी बघत व्हतो."

आम्ही हसलो. भैरूही हसला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "हैबतदा, एक काम हाय. कॉलेज पोरांसाठी कबड्डीचा कोच नेमणार हाय म्हनं. त्या पुस्तकात माझं नाव नीट येऊ दे. प्रिन्सिपल नवीन, मला वळखत न्हाईत. ह्या खांद्यानं टँकरचं स्टिअरिंग अजून किती वर्सं वडू? आन् मला दुसरं काय येतंय?"

"येईल की," मी म्हणालो. तो एवढा खूश झाला की माझ्या चहाचा कप त्यानंच विसळून ठेवला. मला तेव्हाच त्याचा राग आला. माणसानं इतकं सुद्धा वाकू नये.

दुसऱ्या दिवशी बंडोपंतांनी जुनी गुणांची वही मॅडमना दिली. बंडोपंत कॉलेजात कारकून होते आणि प्रत्येक सामन्याची नोंद आपल्या मनानं लिहायचे. कबड्डीत बाद झालेल्याला आमच्याकडे मेला म्हणतात. त्या सामन्याची शेवटची ओळ अशी होती : "भैरू मेला. शिट्टी. आपण जिंकलो."

मॅडम वही छातीशी धरून आमच्याकडे आल्या. डोळे भरलेले. "खेळताखेळता गेले ते? मैदानावरच?"

बंडोपंत तोंड उघडणार, तेवढ्यात शेखरनं त्यांचा पाय दाबला. "व्हय मॅडम," तो खाली मान घालून म्हणाला. "पर शिट्टी हुस्तवर रेषा न्हाई सोडली पठ्ठ्यानं."

मॅडम गेल्या आणि आम्ही पोट धरधरून हसलो. स्मरणिकेच्या समारंभात भैरूला उभं करायचं आणि सगळ्यांची जिरवायची, असं ठरलं. निदान मी तरी तसंच समजत होतो. पण खरं सांगू? मेलेला भैरू आम्हाला फार सोयीचा होता. तो आता मध्येच "तसं न्हवतं झालं" म्हणणार नव्हता.

समारंभाला आमदार येणार म्हणून हॉल खच्चून भरला. पोरं सगळी अलीकडची. जुने खेळाडू कुणी बोलावलेच नव्हते, आमच्यासारखे चाहते बोलावले होते. भैरू इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी बसला. पडदा सरकला आणि त्याचा विशीतला फोटो दिसला. काळेभोर केस, अंगावर मूठभर मांस नाही, आणि भलामोठा हार. आता त्याला टक्कल आहे, पोट आहे. कोण ओळखणार? "मैदानावर प्राण ठेवणारे कैलासवासी भैरू कंधारे," मॅडम म्हणाल्या, "यांना दोन मिनिटं श्रद्धांजली."

सगळे उठले. भैरूही उठला. फोटोकडे बघत, हात जोडून, पुरी दोन मिनिटं उभा राहिला. मला हसू आवरेना, म्हणून मी रुमाल तोंडाला लावला. पुढच्या रांगेतल्या बाईंना वाटलं मी रडतोय.

मग प्रिन्सिपलनी जाहीर केलं : कैलासवासी भैरू कंधारे कबड्डी केंद्र सुरू होतंय आणि कोच म्हणून येतायत निषादसर. त्या फायनलमधला पुण्याच्या संघाचा कोपऱ्यावाला. ज्यानं भैरूचा खांदा काढला, तो.

भैरू तडक स्टेजकडे निघाला. मीही धावलो. तो मॅडमपुढं जाऊन उभा राहिला, "मी..." म्हणाला, आणि शेखरनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. त्याच खांद्यावर. आमदारांची माणसं बघत होती, फोटो निघत होते. शेखरला आता गंमत परवडणारी नव्हती.

"ह्यो भैरूचा धाकटा भाऊ," शेखर म्हणाला. "जरा हळवा हाय."

निषादसर पुढं आले. धिप्पाड माणूस. त्यांनी भैरूचे दोन्ही हात धरले. "मला माहीतच नव्हतं हो. त्यांना मीच धरलं होतं. मला माफ करा." मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "तुम्हीसुद्धा खेळायचात का? मला इथं हाताखाली एक जाणता माणूस पाहिजे."

भैरूनं माझ्याकडं पाहिलं. एक "व्हय" म्हणायचं होतं मी, तेवढ्यानं त्याचं भागलं असतं. पण शेखरही माझ्याकडंच बघत होता. आणि खेळलेल्या माणसाला केंद्रात बसवलं, तर तो रोज पोरांना सांगणार की तिघं कुणी मारले नव्हते.

"ह्यो?" मी म्हणालो. "ह्याला दम कुटं हाय, सर!"

सगळे मोकळेपणानं हसले. निषादसरही हसले, बिचारे, रडतारडता. मॅडमनी भावाच्या वतीनं म्हणून शाल दिली. भैरूचा डावा हात वर जाईना, तेव्हा ती मीच त्याच्या अंगावर नीट केली.

बाहेर आल्यावर शेखरला सोसायटीचा फोन आला. पायरीवर प्रिन्सिपल उभे होते, म्हणून त्यानं नाव घेतलं नाही. "ए धाकट्या," त्यानं हाक मारली, "बावधनचा टँकर काढ."

भैरूनं ओ दिली.